अँबेसेडरच्या मागच्या कमानी घरच्या अंगणात: खोलण्यापासून बसवण्यापर्यंत

मराठवाड्यात अजूनही कुठल्यातरी जुन्या वाड्याच्या ढेलजेत किंवा शेतातल्या आखाड्यावर पत्र्याखाली एखादी अँबेसेडर उभी दिसते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, इंजिन अजून चालू होणारी, पण मागून बसलेली. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली की बहुतेक जण इंजिनाला नाहीतर रंगाला हात घालतात. मी म्हणेन, मागच्या कमानींपासून, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगपासून, सुरुवात करा. ही यंत्रणा डोळ्यांना दिसते, हाताला लागते आणि मोजक्या अवजारांत खोलता येते. शिवाय काम नीट झालं तर पहिल्याच गतिरोधकावर फरक कळतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे. अँबेसेडरच्या मागच्या सीटवर जे सुख आहे ते तिच्या मऊ कमानींचं आहे. आपल्याला तो मऊपणा परत आणायचा आहे, गाडी उंच आणि कडक करायची नाही. गाडी खोललीत की चहूकडून सल्ले येतील, आणि त्यातले निम्मे गाडी कडक करण्याचेच असतील.

रचना समजून घ्या

अँबेसेडर ही 1950च्या दशकातल्या ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली गाडी. उत्तरपाड्याच्या कारखान्यातलं तिचं उत्पादन 2014 साली थांबलं, पण इतक्या वर्षांत मागची मांडणी मुळात तीच राहिली: एक सलग अॅक्सल, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कमान आणि जोडीला शॉक अॅब्सॉर्बर.

कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. सर्वांत लांब असतो तो मुख्य पाटा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे वळवलेले असतात. पुढचा डोळा बॉडीला एका बोल्टने पक्का बसतो. मागचा डोळा शॅकलमध्ये बसतो. शॅकल झोपाळ्याच्या कडीसारखी हलते, कारण कमान दबली की सपाट होते आणि तिची लांबी वाढते. त्या वाढीला कुठेतरी वाट हवी. दोन्ही डोळ्यांत रबरी बुश, म्हणजे बोल्टभोवती बसणाऱ्या रबरी नळ्या, असतात. सगळे पाटे मधोमध सेंटर बोल्टने ओवलेले असतात आणि यू-बोल्ट अॅक्सलला कमानीशी आवळून धरतात.

सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि अॅक्सलची जागा ठरवतं. आवळण्याचं काम यू-बोल्टचं. यू-बोल्ट ढिले झाले की अॅक्सलचा सगळा रेटा त्या बारीक सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, आणि अॅक्सल एका बाजूला सरकतो. रस्त्यावर एखादी गाडी तिरपी चालताना दिसते ना, पुढची चाकं एका रेषेत आणि मागची दुसऱ्याच, तिथे बऱ्याचदा हाच घोळ असतो.

खोलण्याआधी मोजा

गाडी सपाट जागेवर घ्या. चारही चाकांत हवा नेमून दिलेली भरा, डिकी रिकामी करा. आता मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा आणि वहीत लिहा. मोजण्याआधी गाडी दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे ती आपल्या नैसर्गिक उंचीवर बसेल. दोन्ही बाजूंत अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर एक कमान थकली आहे किंवा तिचा एखादा पाटा तुटला आहे असं समजून तपासायला लागा.

दुसरं माप पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं. स्टिअरिंग सरळ ठेवून ते दोन्ही बाजूंना घ्या. इथे ठळक फरक आला तर अॅक्सल सरकला आहे.

मग टॉर्च घेऊन खाली वाकून बघा. शॅकलच्या दोन्ही पट्ट्यांमधून बुशचं रबर बाहेर आलंय का? पाट्यांच्या मधून गंजाची ताजी, तांबूस रेघ उतरलीय का? तडा गेलेल्या पाट्याची ती खूण असू शकते. तडे बहुतेक दोनच ठिकाणी जातात, सेंटर बोल्टच्या भोकापाशी आणि डोळ्याच्या वळणापाशी. शॉक अॅब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ आहे का? हे सगळं लिहून ठेवा आणि मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. शॅकल कोणत्या कोनात लोंबते, ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल कुठून जाते, हे फोटोत आलंच पाहिजे.

जागा आणि ऋतू

काळ्या मातीवर गाडी उचलू नका. कोरडी असताना ती दगडासारखी वाटते, पण भेगांमुळे आतून पोकळ असते, आणि एखादी सर येऊन गेली की जॅक डोळ्यांदेखत खाली जातो. आपल्याकडे अंगणात शहाबादी फरशी असते. तीही एकट्या जॅकच्या टोकदार भाराखाली तडकते, विशेषतः खाली मुरूम नीट दाबलेला नसेल तर. सिमेंट-काँक्रीटचा कोबा उत्तम. तो नसेल तर फरशीवर जाड, रुंद लाकडी फळी टाका आणि जॅक व स्टँड तिच्यावर ठेवा. वीट मात्र अजिबात नको. भाजलेली वीट आणि सिमेंटचा पोकळ ब्लॉक, दोन्ही काहीही इशारा न देता फुटतात, आणि तेव्हा तुम्ही गाडीखाली असता.

उन्हाळ्यात हे काम पहाटेपासून दहापर्यंत करायचं. बेचाळीस अंशांत पाने हातात धरवत नाहीत आणि माणूस घाई करू लागतो.

ऋतूचा दुसरा संबंध कमान-पाट्याच्या कारागिराशी आहे. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की लातूर, बीड, परभणी, जालना, सगळीकडे ऊस वाहणाऱ्या ट्रकचे पाटे तुटत असतात आणि या कारागिरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. दिवाळीनंतर गेलात तर तुमच्या दोन नाजूक कमानी ट्रकच्या ढिगाखाली पडून राहतील. हंगाम संपला की जा. तेव्हा तो निवांत असतो, ऐकून घेतो आणि मन लावून काम करतो.

अवजारं

हायड्रॉलिक जॅक, किमान दोन टनांचा. दोन भक्कम स्टँड. इंची मापाचे रिंग पाने आणि गोटी पाने. जुन्या अँबेसेडरचे नट-बोल्ट इंची आहेत आणि मिलिमीटरचा पाना ‘जवळपास’ बसतो. त्याच ‘जवळपास’ने नटाचे कोपरे गोल होतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मि.मी., 9/16 इंच म्हणजे साधारण 14.3 मि.मी. शॅकलच्या गंजलेल्या नटाला तेवढा फरकही पुरतो. याशिवाय लांब दांडा, हातोडा, पितळेचा ठोकळा, दोन मजबूत सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, व्हाइस आणि जमल्यास टॉर्क पाना, म्हणजे नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण खाली झोपून काम करताना वर्षानुवर्षांची माती थेट डोळ्यांत पडते.

नवे यू-बोल्ट, त्यांचे नट, सेंटर बोल्ट, बुश आणि बंप स्टॉपची (कमान पूर्ण दबली की अॅक्सल बॉडीवर आदळू नये म्हणून असलेली) रबरं आधीच आणून ठेवा. स्पेअरच्या दुकानात जमलं तर जुना नमुना घेऊन जा, कारण मॉडेलप्रमाणे फरक पडतो.

गाडी उचलणं

सगळ्या बोल्टांवर दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा, रोज सकाळी आणि संध्याकाळी. या सवयीने जेवढे बोल्ट वाचतात तेवढे ताकदीने वाचत नाहीत.

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी पाचरी लावा. नवख्या माणसाने इथे थांबून नीट समजून घ्यावं. अँबेसेडरचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, आणि इंजिनाची ओढही मागच्याच चाकांना जाते. म्हणजे मागची बाजू उचलली की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निकामी. गाडी फक्त पुढच्या चाकांच्या पाचरींवर उभी असते.

जॅक अॅक्सलच्या मधल्या गोळ्याखाली लावून मागची बाजू उचला. स्टँड कमानीच्या पुढच्या बोल्टच्या थोडं पुढे, बॉडीखालच्या जाड बॉक्स सेक्शनला, म्हणजे पत्र्याच्या चौकोनी पोकळ तुळईला, लावा. आधी तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. पत्रा आत दबला तर गंज आतपर्यंत गेला आहे आणि आधी वेल्डिंगचं काम निघालं आहे. स्टँड कधीही अॅक्सलखाली लावायचे नाहीत, कारण तोच आपल्याला मोकळा करायचा आहे. गाडी स्टँडवर घेतल्यावर बाजूने जोरात हलवून बघा. डगमगली तर उतरवा आणि पुन्हा लावा. काढलेली चाकं दोन्ही बाजूंनी बॉडीखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँड दगा दिलाच तर तेवढी जागा तुमचा जीव वाचवते.

खोलणं

एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू बांधलेली असेपर्यंत अॅक्सल जागेवर राहतो आणि अडलं की समोर नमुनाही असतो.

जॅक हळूहळू खाली घेत कमान मोकळी होईपर्यंत अॅक्सल उतरवा, मग जॅक नुसता टेकवून ठेवा. उतरवताना एक नजर ब्रेकच्या रबरी पाइपवर असू द्या. बॉडीकडून अॅक्सलकडे येणारा तो पाइप ताणला जाता कामा नये. आता शॉक अॅब्सॉर्बरचा खालचा जोड सोडवा. जुन्या मॉडेलांत आर्म असलेले शॉक अॅब्सॉर्बर येत, नंतरच्या गाड्यांत नळीचे आले. तुमच्याकडे जे असेल त्याची फक्त खालची बाजू मोकळी केली तरी पुरतं.

यू-बोल्टचे नट काढा. जुने यू-बोल्ट परत लावायचे नाहीत, त्यामुळे नट हलत नसेल तर सरळ कापा. गॅसच्या ज्योतीचा मोह इथे टाळा. पेट्रोलची टाकी मागेच आहे, बुश रबराचे आहेत आणि ज्योत पाट्याला लागली तर पोलादाचा ताव, म्हणजे ठरावीक उष्णता देऊन आणलेली लवचीकता, जातो. ग्राइंडर वापरणार असाल तर ठिणग्या टाकीच्या दिशेने उडणार नाहीत असा धरा, ओलं पोतं आड लावा आणि वाळूची बादली हाताशी ठेवा.

मग शॅकल, आणि सर्वांत शेवटी पुढचा बोल्ट. पुढचा बोल्ट बुशच्या आतल्या पोलादी नळीत गंजून बसलेला असतो. तेल, पितळेचा ठोकळा मध्ये धरून हातोडी, पुन्हा तेल, असं करत राहा. बोल्ट निघताना कमान सगळी खाली येते. ती जड असते, म्हणून या वेळी दुसरा माणूस सोबत हवाच.

पाटे मोकळे करणं

घरच्या कामात सर्वाधिक धोका इथे आहे. पाटे एकमेकांवर ताण घेऊन बसलेले असतात, कारण प्रत्येकाची कमान थोडी वेगळी असते. नुसता सेंटर बोल्ट काढलात तर ते उसळतात. आधी सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प घट्ट लावा, मग बाजूच्या क्लिपा उघडा, मग सेंटर बोल्ट काढा, आणि शेवटी दोन्ही क्लॅम्प थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा.

प्रत्येक पाट्यावर पुढची बाजू आणि क्रमांक पंचने किंवा पांढऱ्या रंगाने लिहा. डिझेल आणि तारेच्या ब्रशने घासा. घाण डिझेल जमिनीत किंवा विहिरीकडे जाणाऱ्या नाल्यात ओतू नका, डब्यात साठवून गॅरेजच्या जळक्या ऑइलमध्ये द्या. स्वच्छ पाटा उजेडात तिरका धरून तडे शोधा. तडा दिसला तर तो पाटा बाद. स्प्रिंगच्या पोलादाला वेल्डिंग चालत नाही. जोडाच्या शेजारी धातू ठिसूळ होतो आणि पाटा पुन्हा तिथेच तुटतो, बहुधा भर रस्त्यात.

कारागिराकडे

सोलापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर असा जाणारा महामार्ग धरलात की ट्रकच्या गॅरेजांच्या ओळीत कमान-पाट्याची दुकानं भेटतात. तिथलं हाताचं कसब पाहण्यासारखं आहे. पण त्यांचं रोजचं काम दहा-वीस टनांच्या ट्रकचं, म्हणून आपल्याला काय हवं ते आपणच नीट सांगायचं.

बोलणं साधारण असं होतं. “उस्ताद, कमान बसलीय, पहिल्यासारखी करून पाहिजे.” “एक पाटा वाढवून देतो ना साहेब, जिंदगीत बसणार नाही.” तुम्ही म्हणायचं, “पाटा वाढवू नका, आहेत त्यांनाच थंडा ठोका देऊन कमान चढवा. भट्टीत नका घालू.”

हा हट्ट का? पाट्याची लवचीकता त्याला कारखान्यात दिलेल्या पाण्यावर आणि तावावर असते. भट्टीत लाल करून हवेत थंड केला की ती जाते. कमान सुंदर दिसते आणि काही महिन्यांत पुन्हा बसते. तापवून, तेलात विझवून, मग ठरलेल्या तापमानाला पुन्हा ताव देणं जमत असेल तर गोष्ट वेगळी, पण ती सोय रस्त्याकडेच्या दुकानात सहसा नसते. थंड ठोक्यात कारागीर पाटा दोन टेकूंवर ठेवून इंचाइंचाने ठोकत जातो आणि वळण परत आणतो. वेळ लागतो, म्हणून मजुरीत घासाघीस करू नका.

आणि जादा पाट्याबद्दल. कमानीची उंची आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वळण वाढवलं की उंची वाढते, कडकपणा जवळपास तोच राहतो. पाटा वाढवला किंवा जाड घातला की कडकपणा वाढतो, आणि तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. 6 मि.मी.च्या जागी 7 मि.मी.चा पाटा घातला तर तो एकटा पाटा सुमारे 59 टक्के अधिक कडक होतो. एका मिलिमीटरने! मग मागच्या सीटवरच्या आजीला प्रत्येक खड्डा मोजता येतो, मागची चाकं खराब रस्त्यावर उड्या मारतात आणि बॉडीच्या सांध्यांना हादरे बसतात. खरोखर ओझं वाहायचं असेल तर जीप घ्या, अँबेसेडरला ट्रक करू नका.

दोन्ही कमानी एकदमच करून घ्या, एकच बाजू चांगली दिसत असली तरी. परत घेताना त्या शेजारी उभ्या ठेवून वळणाची खोली मोजा. दोन्ही सारख्या हव्यात.

पुन्हा जोडणं

पाट्यांच्या टोकांपाशी, जिथे एक पाटा दुसऱ्यावर घासतो, तिथे ग्राफाइट ग्रीसचा पातळ थर द्या. जास्त नको. आपल्याकडच्या धुळीत जाड ग्रीसची घासून झिजवणारी पेस्ट होते आणि तीच पाटा खाते. बाहेरून प्रायमर आणि काळा रंग द्यायला हरकत नाही, पण घासणाऱ्या जागांवर रंगाचे थर नकोत. यू-बोल्टच्या बैठकीखाली तर मुळीच नकोत. रंग दबून झिजतो आणि आवळ सैल पडतो.

सेंटर बोल्ट हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणाऱ्या पोलादाचाच घ्या, आणि त्याचं डोकं अॅक्सलच्या भोकात नीट बसतं का ते आधी हाताने बघा. डोकं बारीक असेल तर अॅक्सलला खेळ मिळतो.

नवे बुश व्हाइसमध्ये धरून, एका बाजूला मोठा गोटी पाना ठेवून हळूहळू आत दाबा. निसरडेपणासाठी साबणाचं पाणी वापरा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबराला फुगवतं. याच कारणाने पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल मारून घेण्याची आपल्याकडची पद्धत मला पटत नाही. पत्रा वाचतो म्हणतात, पण बुश मरतात. पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. ते टिकतात, पण हादरे जास्त आत पाठवतात आणि कोरडे पडले की कुरकुरतात. या गाडीत मी रबरच घालेन.

कमान आधी पुढच्या बोल्टला अडकवा, मग शॅकलला. दोन्हीकडचे नट फक्त हाताने, बोल्ट निसटणार नाही इतकेच फिरवा. जॅकने अॅक्सल हलवत सेंटर बोल्टचं डोकं भोकात बसवा, नवे यू-बोल्ट घाला आणि चारही नट कर्णरेषेने, थोडे थोडे, सारखे आवळा. किती आवळायचे ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्या. दोन्ही बाजूंनी नटाच्या वर उरलेले आटे सारखे दिसले पाहिजेत. बंप स्टॉपचं रबर बदला, शॉक अॅब्सॉर्बर जोडा. आर्मवाला असेल तर त्यातलं तेल तपासा आणि तिथे शॉक अॅब्सॉर्बरचंच तेल घाला, ब्रेक ऑइल नव्हे.

मग दुसरी बाजू, अगदी याच क्रमाने.

शेवटचं आवळणं जमिनीवर

डोळ्यांतल्या बोल्टांचा आणि शॅकलचा शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असतानाच द्यायचा. रबरी बुश फिरत नाही, तो पिळला जातो. त्याची आतली नळी बोल्ट आवळला की बॉडीला पक्की होते. कमान हवेत लोंबत असताना आवळलीत तर तीच रबराची विश्रांतीची जागा ठरते. मग गाडी खाली आली की बुश कायम पिळलेलाच राहतो, गाडी खोटी उंच दिसते आणि रबर लवकर फाटतं. गॅरेजमध्ये घाईत नेमकं हेच सुटतं, कारण लिफ्टवर सगळं हाताशी असतं.

म्हणून चाकं लावा, गाडी उतरवा, मागून पाच-सहा वेळा दाबून सोडा, थोडी पुढेमागे ढकला. मग खाली सरपटत जाऊन हे बोल्ट पूर्ण आवळा. जागा पुरत नसेल तर चारही चाकं सारख्या उंचीच्या जाड फळ्यांवर चढवून घ्या, पाचरी लावूनच.

आता ब्रेकचा रबरी पाइप कुठे पिळला किंवा घासत नाही ना ते पाहा. हँडब्रेकची ओढ तपासा, कारण अॅक्सलची उंची बदलली की केबलचा ताण बदलतो. शॅकल मागे थोडी झुकलेली, दोन्ही बाजूंना हलायला मोकळी हवी. ती टोकाला टेकलेली असेल तर कमान जास्त चढवली गेली आहे.

पहिली फेरी गावाबाहेरच्या ओळखीच्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, काचा खाली करून. गतिरोधकावर मागून खट् असा आवाज आला तर यू-बोल्ट आणि शॉक अॅब्सॉर्बरचे जोड आधी बघा. साधारण 200 ते 300 कि.मी. चालल्यावर यू-बोल्टचे नट पुन्हा आवळायचे. नव्याने जोडलेले पाटे दबून बसतात, थोडा सैलपणा येतोच. त्याच वेळी पहिली दोन्ही मापं परत घ्या आणि वहीत जुन्या आकड्यांशेजारी लिहा. नव्याने चढवलेली कमान सुरुवातीला थोडी बसते. दोन्ही बाजू सारख्या बसल्या तर काही करायचं नाही. एकच बाजू बसत गेली तर ती कमान पुन्हा उस्तादांकडे न्यायची, आणि वही सोबत न्यायची.